आधी पाणी, मग मासे

घरी मासे पाळायचे म्हटले की लोक आधी मासे आणतात आणि मग पाण्याचा विचार करतात. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. कारण खरे तर आपण पाणीच पाळत असतो.

६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद व ३० उंच काचपेटीत काठोकाठ ५४ लिटर पाणी मावते. म्हणजे नुसत्या पाण्याचेच वजन ५४ किलो! तेव्हा टेबल भक्कम व सपाट हवे. पेटीवर थेट ऊन नको. त्याने शेवाळ माजते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना घातक असतो. पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवले की तो बहुतांशी उडून जातो.

मुख्य मुद्दा पुढेच आहे. माशांच्या उत्सर्गातून व उरलेल्या खाद्यातून विषारी अमोनिया तयार होतो. वाळूत आणि गाळणीत वाढणारे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू त्याचे बरेच निरुपद्रवी नायट्रेट करतात. ही व्यवस्था बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आरशासारख्या स्वच्छ दिसणाऱ्या नव्या पाण्यात मासे पटापट मरतात, ते बहुधा यामुळेच.

म्हणून प्रथम दोन-तीन काटक गप्पीच सोडावेत. खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढेच घालावे. दर आठवड्याला साधारण पाव हिस्सा पाणी बदलावे; सुरुवातीच्या आठवड्यांत अधिक वेळा. गाळणीचा स्पंज नळाखाली न धुता पेटीतून काढलेल्या पाण्यातच खळबळून घ्यावा, म्हणजे जिवाणू टिकतात.

नदीतला मासा खराब पाणी सोडून दुसरीकडे जाऊ शकतो. आपल्या पेटीतल्या माशाला दुसरे पाणी नाही, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ.