भाच्यास पत्र : फायबरच्या डोंग्याविषयी

आर्णी,
वैशाख वद्य तृतीया

चि. बाळ यास मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

काल बाबा कंबलपोषांच्या दर्ग्यापाशी दिग्रसचा एक ओळखीचा नावाडी भेटला, आणि बोलता बोलता त्याने जी हकिकत सांगितली तिने माझी झोप उडाली. अरुणावती धरणावरच्या मासेमारीसाठी तू जो जुना फायबरचा डोंगा खरेदी केलास, त्याच्या तळाची चीर तू माजघरात, धूळ बसू नये म्हणून दारे लोटून, शेजारी चूल पेटती असताना सांधत होतास. आणि हार्डनर व कोबाल्ट एकाच वाटीत ओतणार, एवढ्यात त्याने तुझा हात धरला, असे तो म्हणतो. त्याने तिखटमीठ लावले असेल तर उत्तमच. पण बातमी खरी असेल तर तुझ्या अकलेची मला शरम वाटते.

हार्डनर हा पेरॉक्साइड जातीचा द्रव असून कोबाल्टशी त्याची थेट गाठ पडताच तो पेट घेतो, प्रसंगी स्फोटही होतो. म्हणून कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यायचे आणि मगच हार्डनर घालायचा. पुष्कळदा रेझिनमध्ये कोबाल्ट मुळातच घातलेले असते, तेव्हा दुकानदाराला विचारल्याखेरीज डबा उघडू नकोस. 100 ग्रॅम रेझिनला 1 ते 2 ग्रॅम हार्डनर पुरतो, आणि या दिवसांत खालचेच प्रमाण बरे. हार्डनरचा एक थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा लावल्यावाचून बाटलीला हात लावू नकोस, आणि तसा प्रसंग आलाच तर निदान 15 मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरून तडक डॉक्टर गाठ.

आता माजघराविषयी. रेझिनला जो उग्र दर्प येतो तो स्टायरीनचा. त्याची वाफ हवेहून जड असल्यामुळे जमिनीलगत सरपटत चुलीपर्यंत पोचते, आणि 31 अंशांच्या आसपासच ती ठिणगीने पेटण्याजोगी होते. आपल्याकडे तर पारा 43 वर चढतो. तेव्हा डोंगा अंगणात, वाऱ्यावर, भल्या पहाटे घ्यावा. तोंडाला बांधलेला रुमाल वाफ अडवत नाही. त्याला कोळशाच्या डबीचा मास्कच लागतो. उरलेले रेझिन मगात साठवून ठेवू नकोस, ते आपोआप तापून धुमसू लागते. पत्र्यावर पातळ पसरून बाहेर ठेव. चिरेच्या कडा जाडीच्या 12 पट रुंद उतरत्या घासाव्यात, पण पॉलिश पेपर पाण्यात भिजवून, म्हणजे काचेची भुकटी छातीत जाणार नाही. आणि तळ खडखडीत वाळल्याशिवाय काचतंतूंची मॅट चिकटवू नये. आणखी एक, हार्डनर व कोबाल्टच्या बाटल्या एका कोनाड्यात असू नयेत.

हे सारे मी ऐकून आणि वाचून सांगतो आहे, याची मला खंत आहे. तुझे बाबा लाकडी डोंग्याच्या फटींत डांबर भरत बसत, तेव्हा मला हाक मारून म्हणत, ये, बस, हातात कला येईल. आणि मी मात्र तहसील कचेरीतल्या नव्या नोकरीच्या ऐटीत कपडे खराब होतील म्हणून दूर उभा राहत असे. जन्मभर दफ्तरात फेरफार नोंदवले, पुराच्या नुकसानीचे पंचनामे लिहिले, पण ज्या पाण्याच्या काठी राहिलो त्यावर वल्हे मारायला शिकलो नाही. ते गेले, आणि त्यांच्या हातची विद्याही त्यांच्याबरोबर गेली. तू ती पुन्हा धरू पाहतोस याचा मला मनातून अभिमान आहे, आणि म्हणूनच एवढे कठोर लिहिले गेले.

तुझ्या आईला यातले काही सांगितलेले नाही आणि सांगणारही नाही. सोबत मास्कसाठी व चष्म्यासाठी पैसे पाठवतो आहे. ते दुसऱ्या कशावर खर्च करू नकोस. मृगापूर्वी डोंगा पाण्यात उतरला नाही तर एका हंगामाची मासळी जाईल, ती मी भरून देईन. बाटल्या निरनिराळ्या खोल्यांत ठेवल्यास, एवढे मात्र उलटटपाली कळव. आणि उन्हात उपाशी काम करू नकोस, बाबा.

तुझा,
मामा