कारण आधी, व्याख्या मागाहून

अगं, शाळेतल्या विज्ञानाच्या स्टँडर्ड्सची ती कोष्टकं बघून इतकी धास्तावू नकोस. पहिल्यांदा हातात आली की सगळ्यांचंच डोकं गरगरतं. आणि एक आधीच सांगते, मुंबईत इतकी वर्षं शिकवलेलं अमेरिकेत मुळीच फुकट जात नाही.

आधी तुझ्या राज्यात काय चालतं ते बघ. २०१३ साली ‘नेक्स्ट जनरेशन सायन्स स्टँडर्ड्स’ आली. ती तयार करण्यात २६ राज्यांचा पुढाकार होता, पण सगळ्या देशाला ती बंधनकारक नाहीत. कॅलिफोर्निया, न्यू जर्सीनं ती स्वीकारली. टेक्सासचा कारभार वेगळा, त्यांची ‘टीक्स’ नावाची स्वतःची स्टँडर्ड्स आहेत. न्यू जर्सीनं तर २०२० साली हवामानबदलही आपल्या स्टँडर्ड्समध्ये घेतला, आणि तोही एकट्या विज्ञानात नाही, बाकीच्या विषयांतसुद्धा.

आता कोष्टकांतल्या त्या तीन रंगांच्या चौकटी. एकीत विषयाचा गाभा. दुसरीत वैज्ञानिक काम करतात त्या आठ रीती: प्रश्न विचारणं, मॉडेल करणं, पुराव्यानिशी वाद घालणं वगैरे. तिसरीत सगळ्या शाखांना लागू पडणाऱ्या सात संकल्पना. तीन वेगळे तास घ्यायचे नाहीत गं, एकाच धड्यात तिन्ही यायला हव्यात.

ते कसं जमवायचं? आपल्या बोर्डाच्या पेपरातला ‘शास्त्रीय कारणे लिहा’ आठवतो ना? ‘माठातले पाणी थंड राहते.’ प्रश्न झकास होता, पण धडा झाल्यावर यायचा आणि उत्तर गाइडमधलं. इथे तोच प्रश्न पहिल्या दिवशी टाकायचा आणि उत्तर लगेच सांगायचं नाही. माझ्या मते नव्या पद्धतीतलं निम्मं काम एवढंच आहे.

सहावीची उष्णताच घे. वहन, अभिसरण, प्रारण फळ्यावर लिहून सुरुवात करू नकोस. साधा प्लॅस्टिकचा कप आणि दुहेरी भिंतीचा महागडा कप टेबलावर ठेव, दोन्हीत सारखंच बर्फाचं पाणी, आणि मुलांच्या हातात थर्मामीटर दे. एकात पाणी लवकर कोमट का झालं? झाकणामुळे? भिंतीमुळे? मुलं भांडतील, चित्रं काढतील, ती खोडतील. मग म्हण, आता तुमचा कप तुम्ही बनवा. वहन हा शब्द त्यांना गरज पडेल तेव्हा दे. ‘ओपनसायएड’ या संस्थेचं याच प्रश्नावरचं अख्खं युनिट फुकट मिळतं, आधी ते चाळ.

आणि मुलांना काय यायला हवं ते सांगणारी जी अपेक्षा कोष्टकात असते, तिच्याखालचा बारीक अक्षरातला मजकूर जरूर वाच. काय तपासायचं नाही, तेही अनेकदा तिथे लिहिलेलं असतं. मिडल स्कूलच्या उष्णतेवरच्या अपेक्षेखाली स्पष्ट म्हटलंय, की एकूण किती उष्णता गेली याचं गणित मुलांकडून मागायचं नाही. म्हणजे उष्णतेच्या गणिताची तुझी ती लाडकी उदाहरणं बाजूला ठेव. जीव तुटेल, पण प्रयोगाचे तास तिथूनच निघतात.

सगळं वर्ष एकदम पालटायला जाऊ नकोस. एक युनिट घे, शेजारच्या वर्गातल्या टीचरला सोबत घे, आणि त्या युनिटची परीक्षाही बदल. शिकवणं नवं आणि पेपरात व्याख्या, असं झालं की मुलं दोन दिवसांत ओळखतात की खरे मार्क कशाला आहेत, आणि पुन्हा पाठांतराला लागतात.

आपले देसी पालक येतीलच. ‘मॅडम, पुस्तक कुठंय? वहीत व्याख्या का नाहीत?’ चिडू नकोस, तेही आपल्यासारखेच शिकलेत. मुलाचं पहिल्या दिवसाचं चित्र आणि शेवटच्या दिवसाचं चित्र त्यांच्यापुढे शेजारी शेजारी ठेव. पहिल्यात नुसता कप असेल. शेवटच्यात कपाच्या भिंतीतले कण, बाण, आणि खाली मुलानं स्वतः लिहिलेलं कारण. प्रिन्सिपल वर्गात डोकावले आणि गोंगाट दिसला, तर त्यांनाही हीच चित्रं दाखव.

आता कोष्टकांच्या त्या तीसेक पानांच्या फायलीतलं एकच पान काढ, बाकीची कपाटात जाऊ दे. आणि कप विकत घेशील तर पावती जपून ठेव. पैसे परत मिळतात का, ते ऑफिसात आधीच विचार.