संहिता आत्ता घेऊ नकोस

घाटकोपर (पूर्व)

चि. चिऊ,


शाळेत आठवी-नववीच्या मुलांचं नाटक उभं करायला जमलेल्या स्वयंसेवक मंडळींची सूत्रं तुझ्याकडे आली, हे ऐकून फार आनंद झाला. तू मेसेजमध्ये एकच विचारलंस, “मामा, कोणती संहिता घेऊ?” उत्तर मेसेजमध्ये मावणारं नाही, म्हणून हे पत्र.

संहिता आत्ता घेऊच नकोस.

रत्नाकर मतकरींनी काय केलं ते बघ. १९५९ साली सुधा करमरकरांच्या लिटल थिएटरने ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणलं, ते मतकरींनी लिहिलेलं. पुढे पत्नी प्रतिभाताईंबरोबर त्यांनी स्वतःची बालनाट्य संस्था काढली, पदरमोड करून चालवली. ‘अलबत्या गलबत्या’, ‘निम्मा शिम्मा राक्षस’ ही त्यांचीच नाटकं. मुलांसाठी नाटक लिहिणं हा त्यांच्या हातचा मळ होता. तरी २०१४ साली, पंच्याहत्तरीच्या घरात असताना, ठाण्यातल्या समता विचार प्रसारक संस्थेबरोबर त्यांनी ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू केला, तेव्हा वस्त्यांमधल्या मुलांना तयार नाटक दिलं नाही. विषय मुलांनी आपल्या जगण्यातून शोधायचा, बोलायचं आपल्याच भाषेत आणि नाटकही आपणच उभं करायचं. जाणत्या नाटकवाल्यांनी सोबत राहायचं, लागेल तिथे हात द्यायचा. ज्या माणसाला लिहिणं सगळ्यात सोपं, त्याने मुलांसाठी लेखणी बाजूला ठेवावी, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

आपल्या घाटकोपरला तर जगण्यातून नाटक उभं करणं परकं नाहीच. स्टेशनपलीकडे चिरागनगरमध्ये अण्णा भाऊ साठे राहिले. शाळेचं तोंड जेमतेम दीड दिवस पाहिलेल्या या माणसाने १९४४ साली अमर शेख आणि गवाणकर या शाहिरांबरोबर लाल बावटा कलापथक काढलं आणि कामगारांचं जगणं वगनाट्यात आणलं. तुझ्या वर्गात कामराजनगरची, रमाबाईनगरची मुलं असतील. पाणी, भाडं, पुनर्विकास, रात्रपाळीचे वडील, हे सगळं घेऊनच ती वर्गात येतात. टीव्हीवरच्या विनोदांची नक्कल त्यांच्याकडून बसवून घेतली, तर टाळ्या मिळतील, पण हा ऐवज तसाच पडून राहील.

एका तालमीत नववीतल्या मुलीला मी एवढंच म्हटलं होतं, “घर रिकामं करायचंय, सामान बांध.” तिने नसलेल्या भिंतीवरून नसलेलं घड्याळ उतरवलं, ओढणीने पुसलं, आणि ते कुठल्या बोचक्यात घालावं हे न सुचून हातातच धरून उभी राहिली. बाकीची मुलं एकदम गप्प झाली. मग मागून एक मुलगा पुढे आला आणि म्हणाला, “दे, मी धरतो, तू भांडी बघ.” प्रवेश तिथे सुरू झाला. कागदावर तो नंतर उतरला. पहिले दीड-दोन महिने तुला हेच करायचं आहे. प्रसंग द्यायचा, बघत बसायचं, आणि जे सापडेल ते कोणातरी मुलाकडून वहीत टिपून घ्यायचं.

वर्गात पंखे गरगरतात, बाहेर रिक्षांचे हॉर्न, आणि डोक्यावरून उतरणारी विमानं. त्याला वैतागू नकोस. विमान आलं की वाक्य थांबवायचं, पण भूमिका सोडायची नाही, नजर समोरच्यावरून हलू द्यायची नाही, आवाज विरला की पुढे बोलायचं. नाटकातला पॉज मुलांना शिकवायला याहून चांगली सोय दुसऱ्या कुठल्या शाळेत मिळणार?

आता तुझी माणसं. स्वयंसेवक म्हणून आलेल्या प्रत्येकाला मनातून दिग्दर्शक व्हायचं असतं. तू हे वेळीच आवर. मुलांना सूचना एकाच तोंडातून जायला हव्यात, नाहीतर ती भांबावतात आणि मग नुसतं पाठ केलेलं म्हणतात. ज्या बाई शाळेत नाटकाचं बघतात, त्यांना पहिल्या दिवसापासून बरोबर घे. तुम्ही शनिवारी येणार आणि जाणार, मुलं रोज त्यांच्यासमोर असतात. तुमच्यामुळे बाईंचं ओझं वाढलं, तर पुढच्या वर्षी वर्गाची किल्लीसुद्धा मिळणार नाही. बाकं सरकवून पुन्हा जागेवर लावणं, खाऊ, कपडेपट, संगीत, हिशोब, पालकांशी बोलणं, ही कामं वाटून दे. ही दुय्यम आहेत असं कोणाला वाटू देऊ नकोस. तू स्वतः बाकं उचललीस की बाकीचे उचलतील.

एका बाबतीत मात्र कोणाचीही भीड धरू नकोस. तालमीत दोन मोठी माणसं असलीच पाहिजेत, त्यातली एक बाई. मुलांशी एकेकट्याने फोनवर बोलणं, मेसेज करणं बंद. निरोप पालकांच्या ग्रुपवर. कपडे बदलायची जागा वेगळी आणि बंद होणारी. उशीर झाला तर मूल घरी कोणाबरोबर जाणार, हे तालीम सुरू होण्याआधीच ठरलेलं. २०१२ चा पॉक्सो कायदा प्रत्येक स्वयंसेवकाला समजावून सांग. मुलाबाबत लैंगिक गैरप्रकार घडल्याचं कळलं, तर ते पोलिसांना कळवणं कायद्याने बंधनकारक आहे, आपसात मिटवायचं नसतं. कोणी म्हणेल, “एवढा अविश्वास कशाला?” त्याला नियमानेच वागायला सांग, नाहीतर निरोप दे.

स्पर्धांचा मोह होईल. सांस्कृतिक कार्य संचालनालयाची राज्य बालनाट्य स्पर्धा चांगली आहे, मुलांनी दुसऱ्या शाळांची नाटकं जरूर बघावीत. पण करंडकासाठी अबोल पोराची भूमिका काढून चुणचुणीत पोराला द्यायची वेळ आली, तर स्पर्धा सोड. त्या अबोल पोरासाठीच तर आपण शाळेत जातो. आणि तिकीट लावून बाहेर प्रयोग करायचा झाला, तर नाटकाची संहिता तपासणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. दुसऱ्या कोणाची संहिता असेल तर लेखकाची परवानगी आणि मानधनही. मुलांसमोर हे व्यवहार नीट कर, तेही शिक्षणच आहे.

तालमीची वही शाळेच्या कपाटातच राहू दे. कोण कुठून येतो, दिवा केव्हा जातो, ढोलकी कुठल्या वाक्यावर, सगळं मुलांच्या अक्षरात. नववीतली मुलं पुढच्या वर्षी दहावीत जातील, त्यांच्यातलं कोणी जून-जुलैत येऊन आठवीच्यांना ती वही उलगडून दाखवील, तेव्हा तुझी गरज कमी होईल. तसं होऊ दे.

येत्या रविवारी मंडळींना घेऊन घरी ये. येताना शाळेतून चाचणी, सहामाही आणि स्नेहसंमेलनाच्या तारखा आण. आधी परीक्षा मांडू, मग उरलेल्या शनिवारांवर तालमी बसवू.

तुझा,
मामा