अस्वलासाठी कोणतं काडतूस?

प्रश्न : नोकरी ठाण्यातल्या वागळे इस्टेटमध्ये, शेती बुलढाण्यात ज्ञानगंगा अभयारण्यालगत. अस्वलांची भीती वाटते. परवान्याच्या रायफलीला कोणतं काडतूस घ्यावं?

उत्तर : अलास्कात तपकिरी अस्वलासाठी जड, खोल शिरणारी गोळी निवडतात. आपलं अस्वल मात्र झुडपातून अचानक, काही पावलांवरून अंगावर येतं. रायफल खांद्याला लागेपर्यंत उशीर झालेला असतो. जखमी झालं तर अधिकच घातक. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ते पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे त्याची शिकार हा गुन्हा. जीव वाचवतानाच मारलं तर कलम ११ चा आधार मिळतो. काडतुसाचा विचार सोडाच. पहाटे, तिन्हीसांजेला एकट्यानं बांधावर जाऊ नका, मोहाची फुलं खायला अस्वलं येतात त्या दिवसांत तर मुळीच नाही. मोठ्यानं बोलत, काठी आपटत चला. पिल्लं दिसली तर हळूहळू मागे सरका आणि १९२६ वर वनविभागाला कळवा.