पाद्री, प्रीस्ट आणि वडील

आजचे वाचन : प्रेषितांची कृत्ये 20:17-31

गेल्या रविवारी भक्तीनंतर मंडळीचा 'वडील' म्हणून माझं नाव सुचवलं गेलं. वय वर्षे 36. घरी सांगितलं तर सहा वर्षांची मुलगी म्हणते, "पण बाबा, तू तर आधीच वडील आहेस!" आम्ही हसलो, पण शब्द डोक्यात राहिला.

माझं ऑफिस अंधेरीच्या सीप्झमध्ये. त्याच आवारात सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चचे पडके अवशेष आहेत. जेज्विटांनी ते 1579 मध्ये बांधलं, तेव्हा हा साष्टीचा मुलूख पोर्तुगीजांकडे होता. 'पाद्री' हा शब्द त्यांच्याचकडून आपल्याकडे आला. पोर्तुगीज 'पाद्रे', त्याआधी लॅटिन 'पातेर', आणि आपला संस्कृत 'पितृ' त्याचा भाऊबंद. म्हणजे पाद्री म्हणजे बाप.

इंग्रजी 'प्रीस्ट' मात्र वेगळ्या घरचा. ग्रीक 'प्रेस्बुतेरॉस' म्हणजे वयाने मोठा. तोच लॅटिनमधून झिजत जर्मनांचा 'प्रीस्टर' झाला आणि फ्रेंचांचा 'प्रेत्र' (आपल्या कानाला भलताच वाटतो!).

आता 17 वे वचन बघा. पौल मिलेताहून इफिसच्या ज्यांना बोलावतो त्यांच्यासाठी मूळ शब्द हाच, प्रेस्बुतेरॉस. आपल्या बायबलात 'वडील'. वयाने मोठा आणि बाप, युरोपात दोन घरांत राहिलेले अर्थ मराठीत एकाच शब्दात आले. माझ्या मुलीने नेमकं तेच पकडलं होतं.

28 व्या वचनात त्याच माणसांना पौल 'एपिस्कोपॉस' म्हणतो, देखरेख करणारे. 'बिशप' शब्द त्यातूनच आला, आपल्याकडे 'अध्यक्ष'. आणि काम काय, तर कळप राखायचा. लॅटिनमध्ये मेंढपाळ म्हणजे 'पास्टर'. पुढे ही वेगवेगळी पदं झाली, इथे मात्र माणसं तीच. (आमच्या ऑफिसात एका कामाला तीन डेसिग्नेशन असती तर भांडण ठरलेलं!)

मी अडकलो 31 व्या वचनावर. तीन वर्षं, रात्रंदिवस, एकेकाला, अश्रू गाळत. आमच्या मंडळीतल्या एक आजी आजारी आहेत, एकट्याच असतात. रिलीज चालू आहे म्हणून तीन आठवडे मी त्यांचा फोन उचललेला नाही. माझं नाव सुचवणाऱ्यांना हे ठाऊक नाही.

उत्तर द्यायला रविवारपर्यंत वेळ आहे. उद्या सुट्टी टाकली आहे. सकाळी आधी मुलुंडला आजींकडे जातो.