जुन्या ट्रॅक्टरची लिफ्ट धरत नाही? खोलायच्या आधी एवढं तपासा



मृगाच्या आधी रोटाव्हेटर, पेरणी यंत्र जोडायची वेळ आली की एक तक्रार हमखास येते: ट्रॅक्टर जुना झाला, लिफ्ट धरत नाही. कुणाचं अवजार हळूहळू खाली बसतं, कुणाचं वर-खाली नाचतं, कुणाचं सकाळी उचलतं आणि दुपारी उचलत नाही. गॅरेजला नेलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "लिफ्ट खोलावी लागेल." कधी ते खरंही असतं. पण लिफ्टचं कव्हर उतरवायचं म्हणजे सीटपासून लिंकपर्यंत सगळं काढायचं, मजुरी द्यायची, ऑइल ओतायचं आणि ऐन हंगामात ट्रॅक्टर उभा ठेवायचा. म्हणून दुखणं कुठं आहे हे आधी आपल्याला कळलं पाहिजे. त्याला खडू, एक काठी, दोन-चार पाने आणि अर्धा-पाऊण तास पुरतो.

*आधी जिवाचं.* उचललेल्या अवजाराखाली हात, पाय, डोकं काहीही घालायचं नाही. रोटाव्हेटरमध्ये अडकलेला पाला, चिपाडं काढायची असतील तर पीटीओ बंद, इंजिन बंद, चावी खिशात, आणि अवजार जमिनीवर टेकवून. वर ठेवूनच काम करायचं असेल तर खाली जाड लाकडी ओंडके लावा. विटा, सिमेंटचे ब्लॉक नकोत, ते अचानक फुटतात. जी लिफ्ट आज "थोडीशी बसते" ती उद्या एकदम बसेल, आतली रिंग सांगून तुटत नाही.

दुसरं, पाइपातून बारीक गळती दिसली तर बोट लावून शोधू नका. दाबाखालचं ऑइल सुईसारखं कातडीत घुसतं. बाहेरून काटा टोचल्यासारखं दिसतं, दुखतही नाही फारसं, पण आतला भाग सडू शकतो. पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरा, त्यावर डाग पडेल. ऑइल घुसल्याची शंका आली तरी त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा आणि "दाबाचं ऑइल घुसलंय" असं स्पष्ट सांगा. हळद लावून घरी बसू नका.

आता लिफ्ट चालते कशी ते थोडक्यात. पंप ऑइल ढकलतो, कंट्रोल व्हॉल्व्ह ते सिलिंडरमध्ये सोडतो, पिस्टन सरकतो आणि हात वर जातात. खाली येताना पंपाचं काही काम नाही. अवजार स्वतःच्या वजनाने उतरतं, व्हॉल्व्ह फक्त ऑइलला परत जायची वाट देतो. तुम्ही लिव्हर जिथं ठेवला तेवढ्या उंचीला हात पोहोचले की आतली लिंकेज व्हॉल्व्ह बंद करते आणि ऑइल सिलिंडरमध्ये कोंडून राहतं. म्हणजे बिघाड तीनच ठिकाणी असू शकतो. पंप पुरेसं ऑइल देत नाही, कोंडलेलं ऑइल कुठून तरी निसटतं, किंवा लिव्हर-लिंकेज चुकीचा हुकूम देते. या तिघांना वेगळं करता आलं की अर्धं काम झालं.

*अवजार खाली बसत असेल तर* पहिल्यांदा लिव्हरकडे बघा. अवजार उतरतं तेव्हा लिव्हरही हळूच सरकतो का? जुन्या ट्रॅक्टरमध्ये लिव्हरच्या बुडातल्या घर्षणाच्या वॉशर झिजतात, नट ढिला होतो, आणि धक्क्याने लिव्हर आपोआप खाली येतो. लिफ्ट बिचारी हुकूम पाळत असते. नट थोडा आवळला की विषय संपला. एवढ्यासाठी लिफ्ट खोलून बसायचं नाही.

लिव्हर जागेवर असेल तर खडूची परीक्षा घ्या. सपाट जागी अवजार पूर्ण उचला, इंजिन बंद करा, लिव्हर वरच राहू द्या. बाजूला उभं राहून काठी जमिनीवर टेकवा आणि अवजाराच्या एका ठरावीक कडेची उंची काठीवर खडूने मारा. दहा मिनिटांनी पुन्हा, अर्ध्या तासाने पुन्हा. पोरांना, जनावरांना तिथं फिरकू देऊ नका. जुन्या ट्रॅक्टरमध्ये अर्ध्या तासात थोडं उतरणं चालायचंच, त्यावर पैसे घालवू नका. पण पाच-दहा मिनिटांत अवजार टेकलं तर ऑइल नक्की निसटतंय.

कुठून निसटतंय? टिपिंग ट्रॉलीचा पाइप लावायची जोडणी असेल तर तिथं ओल आहे का बघा. बाहेर कुठंच ऑइल दिसत नसेल तर गळती आत आहे. काही मॉडेलमध्ये सीटखाली पुढच्या बाजूला एक नॉब असतो, जो कंट्रोल व्हॉल्व्ह आणि सिलिंडरमधली वाट बंद करतो. तुमच्याकडे तसा असेल तर अवजार उचलून, इंजिन बंद करून तो नॉब पूर्ण बंद करा आणि परीक्षा पुन्हा घ्या. तरीही उतरलं तर दोष सिलिंडरकडे: पिस्टनची ओ-रिंग, किंवा सिलिंडरवर बसवलेला सेफ्टी व्हॉल्व्ह. उतरणं थांबलं तर दोष कंट्रोल व्हॉल्व्हकडे. ही एक गोष्ट मिस्त्रीला सांगितली तरी त्याचा शोधाशोधीचा वेळ वाचतो, आणि सिलिंडरसाठी आलेला माणूस व्हॉल्व्हही बदलून जात नाही.

*वर-खाली नाचत असेल तर* तेही बहुतेक वेळा गळतीचंच रूप आहे. ऑइल निसटलं, हात थोडे उतरले, लिंकेजला कळलं, पंपाने पुन्हा भरलं, हात वर. इंजिन चालू असेपर्यंत हे सुरूच. इंजिन बंद केल्यावर तेच अवजार सरळ खाली बसताना दिसेल.

पण नाचणं फक्त रस्त्याने जाताना होत असेल तर दुसरा लिव्हर बघा, ड्राफ्ट कंट्रोलचा. यावर जरा थांबू या, कारण इथं बिघाड नसताना खर्च होतो. ओढ वाढली की अवजार आपोआप थोडं उचलायचं, ही युक्ती हॅरी फर्ग्युसनची. १९३९ साली फोर्डच्या ९एन ट्रॅक्टरबरोबर ती मोठ्या प्रमाणात शेतात पोहोचली. नांगर कठीण जमिनीत अडला की टॉपलिंकवर दाब येतो (काही मोठ्या ट्रॅक्टरमध्ये ओढ खालच्या लिंकवरून कळते), लिफ्ट किंचित वर येते, चाक घसरत नाही. हे नांगरासाठी उत्तम. पण रस्त्याने जाताना टांगलेलं अवजार हिसके देतं, ते हिसके लिफ्टला ओढ वाटतात आणि ती उगीच हलत राहते.

पेरणीतही तेच. सोयाबीनचं बी ३ ते ५ सेंमीच्या आत पडायला हवं, त्याखाली गेलं आणि वर पपडी धरली तर उगवण मार खाते. एका तासात बी वर, दुसऱ्यात खोल, असं होत असेल तर यंत्राला दोष देण्याआधी ड्राफ्टचा लिव्हर बंद जागी आहे का बघा. ती जागा मॉडेलनुसार वरची किंवा खालची असते, पुस्तिकेत चित्र दिलेलं असतं. पेरणी यंत्र, रोटाव्हेटर, फवारणी पंप यांना पोझिशन कंट्रोल, नांगराला ड्राफ्ट. आणि ड्राफ्टवर नांगरताना मऊ-कठीण जमिनीत खोली थोडी बदलणारच, तो बिघाड नव्हे.

*उचलतच नसेल तर* ऑइलची पातळी बघा, ट्रॅक्टर सपाट जागी आणि अवजार खाली टेकवून. फर्ग्युसन घराण्यातल्या जुन्या ट्रॅक्टरांत लिफ्टचा पंप पीटीओच्या शाफ्टवर फिरतो. तिथं पीटीओचा लिव्हर न्यूट्रलला असेल तर लिफ्ट हलणारच नाही. नवा ड्रायव्हर असला की हे हमखास होतं.

सकाळी थंडपणी उचलते आणि गरम झाल्यावर दम सोडते, इंजिनचा वेग वाढवला तरच उचलते, ही पंप झिजल्याची किंवा आतल्या गळतीची खूण. थंड ऑइल जाड असतं, ते झीज झाकून नेतं. उचलताना कण्हल्यासारखा आवाज येत असेल तर जाळी आणि फिल्टर आधी साफ करा, पंपाला नंतर हात लावा. डिपस्टिकवर फेस दिसला तर पंप कुठून तरी हवा ओढतोय. ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी आहे, धुताना किंवा पावसात ब्रीदरमधून गेलेलं. ते बदलल्याशिवाय पुढचं काहीही करू नका. ऑइल भरताना पुस्तिकेतलाच ग्रेड घ्या. ज्यांचे ब्रेक ऑइलमध्ये बुडालेले आहेत त्यांनी तर स्वस्तातलं साधं ऑइल अजिबात नको, लिफ्ट सुधारायला जाल आणि ब्रेक बिघडतील.

हलकं अवजार उचलतं, जड नाही? उचलायला लावून कान द्या. सूं असा आवाज येत असेल तर रिलीफ व्हॉल्व्ह ऑइल सोडून देतोय: एक तर वजन जास्त आहे, नाहीतर व्हॉल्व्ह कमजोर झालाय. आवाजच नसेल तर दाब तयार होत नाही, म्हणजे पंप किंवा गळती. वजनाबद्दल एक लक्षात घ्या. पुस्तिकेतली उचलण्याची क्षमता खालच्या लिंकच्या टोकापासून ६१० मिमी मागे मोजलेली असते. पलटी नांगराचं वजन त्याच्याही मागे पडतं, त्यामुळे तेवढे किलो प्रत्यक्षात उचलले जात नाहीत. वर दगड बांधले असतील तर बोलायलाच नको.

उलटी तक्रारही येते, अवजार उतरतच नाही. सीटखालचा नॉब कुणी बंद करून ठेवलाय का, ते पहिलं बघा.

*हात पूर्ण वर गेल्यावर किंचाळत असेल तर* व्हॉल्व्ह वेळेवर बंद होत नाही आणि पंप नुसता दाबत राहतो. तोवर लिव्हर एक बोटभर खाली आणून चालवा आणि पट्टीवरचा स्टॉप तिथेच बांधा. आतल्या लिंकेजचं माप मिस्त्रीनेच लावायचं.

तुम्ही स्वतः करायची जुळवणी एवढीच: लिव्हरचा नट, पट्टीवरचे स्टॉप, टॉपलिंकची लांबी आणि उजव्या उचल-दांड्याचा स्क्रू. त्याआधी मागच्या दोन्ही टायरची हवा सारखी करा, नाहीतर वाकड्या ट्रॅक्टरवर अवजार सरळ करत बसाल. रिलीफ व्हॉल्व्हखाली पत्री घालून दाब वाढवायचा सल्ला कुणी दिला तर नको म्हणा. प्रेशर गेज न लावता वाढवलेला दाब पंप फोडतो, कधी केसिंगला तडा देतो, आणि मग ओ-रिंगच्या कामाचं मोठं काम होतं.

मिस्त्रीला बोलावताना एवढं लिहून ठेवा: ट्रॅक्टरचं मॉडेल आणि वर्ष, शेवटचं ऑइल कधी बदललं, खडूच्या परीक्षेत दहा मिनिटांत किती उतरलं, नॉब बंद केल्यावर काय झालं, गरम आणि थंड असताना काय फरक पडतो, आवाज कधी येतो. काढलेले जुने पार्ट परत मागून घ्या आणि काम झाल्यावर पैसे देण्याआधी खडूची परीक्षा पुन्हा एकदा, ट्रॅक्टर गरम असतानाच.