प्रश्न एक, भाषा अनेक
(द्वितीय वर्ष, कला)

संगणक हा विषय कला शाखेचा नव्हे, असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. परंतु त्यातील एक प्रश्न थेट व्याकरणाच्या दाराशी येऊन उभा राहतो. विचारलेला प्रश्न आणि तो ज्या भाषेत विचारला ती भाषा, या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात काय?

‘रामाने आंबा खाल्ला’ आणि ‘रामाकडून आंबा खाल्ला गेला’ या वाक्यांचा प्रयोग निराळा. पण खाणारा राम आणि खाल्लेला आंबा तेच राहतात.

१९७० साली आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेतील एडगर कॉड यांनी माहिती साध्या तक्त्यांच्या रूपात मांडावी, असे सुचविले. यंत्रात ती कशी साठविली आहे हे विचारणाऱ्याला ठाऊक असण्याची गरज नसावी, हा त्यांचा आग्रह. १९७४ मध्ये चेंबरलिन व बॉइस यांनी सीक्वेल ही भाषा मांडली. तीच पुढे एसक्यूएल झाली. १९८६ साली अमेरिकेत तिचे प्रमाणरूप ठरले, तरी बोलीभेद उरलेच. पहिल्या दहा ओळी मागताना एक प्रणाली ‘लिमिट’ म्हणते, तर दुसरी ‘टॉप’.

यावर उपाय असा, की प्रोग्रॅमने प्रश्न वाक्यरूपात न ठेवता वृक्षरूपात ठेवावा. समजा, ग्रंथालयात विद्यार्थ्यांचा तक्ता १,००० ओळींचा आणि पुस्तकांच्या देवघेवीचा ५,००० ओळींचा आहे. ‘द्वितीय वर्षाच्या कोणत्या विद्यार्थ्यांनी पुस्तके नेली?’ या प्रश्नात तीन क्रिया आहेत : द्वितीय वर्षाच्या ओळी निवडणे, क्रमांक जुळवून दोन्ही तक्ते जोडणे आणि अखेर नावाचा रकाना तेवढा ठेवणे. आधी जोडणी व मग निवड केली तरी उत्तर तेच येते. मात्र प्रत्येक ओळ प्रत्येकीशी ताडून पाहायची तर ५० लाख जोड्या होतात. द्वितीय वर्षाचे २०० विद्यार्थी आधी वेगळे काढले तर १० लाखच. वाक्यात असा फेरफार करणे अवघड. वृक्षाची फांदी मात्र उचलून दुसरीकडे लावता येते. शेवटी तोच वृक्ष हव्या त्या बोलीत उतरवावा. मायक्रोसॉफ्टने २००७ साली आणलेल्या ‘लिंक’ या सोयीच्या मुळाशी हीच कल्पना आहे.

तथापि सर्वच गोष्टी भाषेपासून सुटत नाहीत. ‘नावे अकारविल्हे लावा’ म्हटले, तर कोणत्या भाषेच्या क्रमाने? यंत्राच्या संकेतांत क्ष म्हणजे क आणि ष यांचे जोडाक्षर, म्हणून ‘क्षमा’ हे नाव क च्या गटात जाते. आपल्या वर्णमालेत क्ष शेवटी, ळ नंतर येतो. तेव्हा कोणता क्रम हवा, हेही वृक्षात नोंदवावे लागते.

आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. कचेरीत गेल्यावर काय विचारायचे हे माझ्या आईला नेमके ठाऊक असते. अर्जाची भाषा तेवढी तिची नसते. म्हणून हा विषय मला निव्वळ यंत्राचा वाटत नाही. प्रश्न एकदा भाषेपासून वेगळा मांडता आला, की त्याच्यावर मराठीचे दार बसविणे हे वेगळे आणि आवाक्यातले काम उरते. ते काम करण्यासाठी व्याकरण जाणणारी माणसे लागतील, आणि ती आपल्याच वर्गांत बसलेली आहेत.